डबा तोच, आतले तेच का?

महिन्याच्या पहिल्या आठवड्यात वाण्याकडे जाणारी यादी कधी नीट वाचून पाहा. तूरडाळ दोन किलो, साखर चार किलो, शेंगदाणे एक किलो, पोहे, रवा, गूळ. या ओळींत कुणा कंपनीचे नाव नसते. डाळ शिजली नाही तर गृहिणी वाण्याला चार शब्द सुनावते आणि पुढच्या महिन्यात दुकान बदलते. पण त्याच यादीच्या तळाशी काही ओळी वेगळ्या असतात. तिथे वस्तूऐवजी थेट ब्रँडचेच नाव लिहिलेले असते. पापड हवेत तर ‘लिज्जत’, लोणचे हवे तर ‘बेडेकर’. आणि घरात शाळेत जाणारे मूल असले, की आणखी एक ओळ हमखास सापडते: ‘हॉर्लिक्स एक’, ‘बोर्नव्हिटा एक’ किंवा ‘कॉम्प्लॅन एक’.

या ओळीची घरात कुणी चौकशी करत नाही. साबण महागला तर स्वस्तातला येतो, साडीची खरेदी दिवाळीवर ढकलली जाते, पण हा डबा येतोच. दुकानदाराने “ताई, तो संपलाय, दुसऱ्या कंपनीचा देऊ का?” असे विचारले, तर “नको, परवा येते” असे उत्तर मिळते. चहा किंवा लोणच्याच्या बाबतीतली निष्ठा जिभेची असते. दुधातल्या पावडरीच्या निष्ठेला आणखी एक पदर असतो. तो डबा आई स्वतःसाठी घेत नाही, मुलासाठी घेते. तो न घेणे म्हणजे मुलाच्या तोंडचे काही तरी काढून घेणे, असे तिला वाटते. म्हणून ही निष्ठा सगळ्यांत चिवट आणि म्हणूनच ती अधूनमधून तपासून घेण्याजोगी.

दुधाच्या रांगेतून आलेला डबा

ही निष्ठा वेडेपणातून आलेली नाही, हे आधी मान्य करायला हवे. आज साठी-सत्तरीत असलेल्या पिढीचे बालपण दुधाच्या टंचाईत गेले. मुंबईत आरेच्या केंद्रापुढे, दिल्लीत दिल्ली दुग्ध योजनेच्या, तर कोलकात्यात हरिणघाटाच्या केंद्रापुढे भल्या पहाटे रांगा लागत. १९७०-७१ मध्ये देशात माणशी रोजचे दूध सरासरी ११० ग्रॅमच्या आसपास होते, म्हणजे धड एक पेलाही नाही. गवळ्याच्या दुधात पाणी किती, हा घरोघरचा रोजचा वाद. मिठाईपासून मसाल्यापर्यंत सगळ्यात भेसळीची भीती. अशा काळात झाकणाखाली कागद घट्ट चिकटवलेली, नागपूर असो की इंदूर तीच चव देणारी बाटली घरात आली, तेव्हा गृहिणीला हायसे वाटले असल्यास नवल नाही. बदलीच्या नोकरीमुळे दर तीन वर्षांनी गाव बदलणाऱ्या रेल्वेच्या किंवा बँकेच्या कुटुंबांना तर तिचा विशेष आधार. नव्या गावात पाणी वेगळे, दूध वेगळे, भाषाही वेगळी, पण ही बाटली तीच.

टायफॉइडमधून उठलेल्या माणसाला डॉक्टर हॉर्लिक्स घ्यायला सांगत. आजाऱ्याला भेटायला जाताना पिशवीत मोसंबी आणि हॉर्लिक्सची बाटली असे. बंगालमध्ये आणि दक्षिणेत ही चाल इतकी रुळली, की तिथे हॉर्लिक्स हा जवळजवळ घरातला माणूस झाला. बाटली रिकामी झाली तरी तिचे काम संपत नसे. रुंद तोंडाच्या त्या काचेच्या बाटलीत मेतकूट, चिंच, बडीशेप असे काय काय वर्षानुवर्षे राहिले. आजही जुन्या घरांच्या फळीवर अशी एखादी बाटली दिसते.

हॉर्लिक्सचा जन्म मात्र इथला नाही, आणि तो मुलांच्या उंचीसाठीही झालेला नाही. जेम्स आणि विल्यम हॉर्लिक या इंग्रज भावांनी १८७३ मध्ये अमेरिकेत कंपनी काढली. बार्लीला मोड आणायचे, ती वाळवून तिचा आणि गव्हाचा अर्क काढायचा, त्यात दूध मिसळून सुकवायचे आणि भुकटी करायची, अशी ती कृती. तान्ही मुले आणि आजारी माणसे यांना पचायला हलके अन्न मिळावे, हा मूळ हेतू. पुढे ध्रुवप्रदेशात जाणाऱ्या मोहिमांनी ती भुकटी सोबत नेली. अंटार्क्टिकातल्या एका पर्वतरांगेला तर मोहिमेला पैसे पुरवणाऱ्या हॉर्लिकचेच नाव आहे. पहिल्या महायुद्धाहून परतलेल्या हिंदी सैनिकांबरोबर ही बाटली आपल्याकडे आली, आणि १९६० च्या सुमारास पंजाबातल्या नाभा इथे तिचा कारखाना उभा राहिला. तिथे म्हशीचे दूध वापरले जाऊ लागले.

बार्लीला मोड आणणे, वाळवणे, दळणे. परदेशी नाव बाजूला ठेवले तर नाचणीचे सत्त्व करणाऱ्या आजीला यात नवे काहीच वाटले नसते.

बोर्नव्हिटाची गोष्ट थोडी निराळी. ते मुळात कोकोचे पेय. इंग्लंडमधल्या बोर्नव्हिल गावावरून त्याचे नाव पडले आणि १९४८ मध्ये कॅडबरीने ते भारतात आणले. त्याने घराघरांत पाय रोवले ते मुख्यतः रेडिओमुळे. अमीन सयानींच्या आवाजातली प्रश्नमंजूषा ऐकायला मुले रेडिओला कान लावून बसत. १९९० च्या दशकात तीच स्पर्धा डेरेक ओब्रायन यांच्यासह दूरचित्रवाणीवर आली. हुशार मुले आणि बोर्नव्हिटा ही जोडी मनात अशी बसली. स्पर्धेत भाग घेणारी मुले पुस्तके वाचून हुशार झाली होती, हा तपशील त्या झगमगाटात कुणाच्या लक्षात आला नाही.

तिकडे झोपेसाठी, इकडे उंचीसाठी

इंग्लंडमध्ये हॉर्लिक्स हे रात्री निजताना घ्यायचे पेय समजले जाते. १९३० च्या दशकात तिथल्या जाहिरातींनी ‘रात्रीची उपासमार’ नावाचे एक दुखणेच शोधून काढले. माणूस झोपेत उपाशी राहतो, म्हणून सकाळी थकलेला उठतो, आणि त्यावर उपाय म्हणजे झोपण्यापूर्वी कपभर हॉर्लिक्स. वैद्यकाच्या पुस्तकांत या दुखण्याचा पत्ता नव्हता, पण बाटल्या मात्र खूप खपल्या.

तीच बाटली भारतात सकाळी दप्तराशेजारी आली. इथे ती मुलाला तरतरीत करते, उंच करते, परीक्षेत पुढे नेते. एकच पेय तिकडे झोपवते आणि इकडे जागे करते. हा चमत्कार अर्थातच भुकटीचा नाही. जिथे जी काळजी, तिथे तो उपाय. इंग्लंडातल्या नोकरदाराला झोपेची काळजी होती, आपल्याकडच्या आईला मुलाच्या वाढीची. कॉम्प्लॅनच्या जाहिरातीतली मुले लोंबकळून उंची मोजू लागली तेव्हा वर्गात रांगेत पहिला उभा राहणाऱ्या प्रत्येक मुलाच्या आईला ती आपल्याचसाठी आहे असे वाटले.

२००८ मध्ये या दोन्ही पेयांच्या जाहिराती ब्रिटनमध्ये, तिथल्या दक्षिण आशियाई प्रेक्षकांच्या वाहिन्यांवर दिसल्या. तिथल्या जाहिरात नियामक संस्थेने त्यांतल्या वाढीच्या दाव्यांना हरकत घेतली आणि त्या जाहिराती त्या स्वरूपात पुन्हा दाखवायला मनाई केली. आपल्याकडे तेच दावे पुढेही बरीच वर्षे दिवाणखान्यात ऐकू येत राहिले.

नाव तेच, मालक दुसरा

सासूबाई आणि सुनेचा एक संवाद अनेक घरांत झाला आहे. सून डबा हातात घेऊन म्हणते, “आई, यात साखर फार आहे हो.” त्यावर सासूबाई म्हणतात, “अगं, माझी तिन्ही मुलं यावरच वाढली. तुझा नवरासुद्धा.” या उत्तरापुढे सून गप्प बसते, कारण नवरा समोर धडधाकट उभा असतो.

सासूबाईंचा अनुभव खोटा नाही. पण ती तिन्ही मुले वरण-भात, भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि मैदानावरच्या तीन तासांच्या खेळावरही वाढली. डब्याच्या वाट्याला त्यातले किती श्रेय द्यायचे, हा एक प्रश्न. आणि दुसरा प्रश्न असा, की तो डबा आणि आजचा डबा एकच कशावरून?

कॉम्प्लॅन पूर्वी ग्लॅक्सो कंपनीचे होते. १९९४ मध्ये ते हाइन्झकडे गेले आणि २०१९ मध्ये झायडसकडे. हॉर्लिक्स अनेक वर्षे ग्लॅक्सोस्मिथक्लाइनकडे होते, २०२० मध्ये ते हिंदुस्तान युनिलिव्हरचे झाले. कॅडबरी २०१० मध्ये क्राफ्टने घेतली, आणि २०१२ पासून बोर्नव्हिटाचे घर मोंडेलीझ झाले. मालक बदलला म्हणजे माल बिघडला असे मुळीच नाही, कधी सुधारतोही. पण घटक, प्रमाण, डब्याचे वजन, चमच्याचे माप हे सगळे नव्याने ठरवण्याचा अधिकार त्यांच्याकडे जातो. गृहिणीला यातले काही कळवले जात नाही. तिला दिसते ते फक्त ओळखीचे अक्षर आणि ओळखीचा रंग. तिची निष्ठा नावाशी असते, आणि नाव ही विकता येणारी वस्तू आहे.

अशी निष्ठा कसोटीला लागली की काय होते, याची दोन उदाहरणे आपल्या स्वयंपाकघरातच आहेत. पहिले डालडाचे. १९३७ मध्ये तो पिवळा, ताडाच्या झाडाचे चित्र असलेला डबा बाजारात आला. त्यात जीवनसत्त्वे घातलेली असत, पुऱ्या खमंग होत आणि साजूक तुपाच्या मानाने तो स्वस्त असे. इतका रुळला, की कुठल्याही वनस्पती तुपाला लोक डालडाच म्हणू लागले. लग्नाच्या पंगती त्यावर उठल्या, आणि रिकाम्या डब्यात तुळशी लागल्या. पुढे कळले की तेल गोठवण्याच्या त्या प्रक्रियेत तयार होणारी ट्रान्स फॅट हृदयाला घातक असतात. २०२२ च्या जानेवारीपासून तर आपल्या देशात तेल-तुपातले त्यांचे प्रमाण २ टक्क्यांवर नेता येत नाही. डालडावर जीव टाकणाऱ्या गृहिणींनी काही चूक केली नव्हती. त्यांना जे सांगितले गेले ते त्यांनी मानले, आणि जे कळायला हवे होते ते फार उशिरा कळले.

दुसरे उदाहरण मॅगीचे, आणि ते बरोबर उलट दिशेचे. २०१५ च्या जूनमध्ये शिशाच्या प्रमाणावरून आणि वेष्टनावरच्या अजिनोमोटोविषयीच्या मजकुरावरून देशभर मॅगी नूडल्स परत मागवल्या गेल्या. तीस हजार टनांहून अधिक माल नष्ट झाला. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती बंदी रद्द केली आणि तीन प्रयोगशाळांत नव्याने तपासणी करायला सांगितली. त्यात माल मर्यादेत निघाला आणि नोव्हेंबरमध्ये पुडकी पुन्हा दुकानात आली. मधल्या पाच महिन्यांत दुसऱ्या कंपन्यांच्या शेवया दुकानांत होत्याच, पण ग्राहक परत फिरले ते मॅगीकडेच. त्या पाच महिन्यांत सगळा देश शिशाविषयी बोलला. मैद्याच्या तळलेल्या शेवयांनी मुलाचे पोट रोज भरावे का, हा साधा प्रश्न मात्र बाजूलाच राहिला.

२०२३ चा एप्रिल

दुधातल्या पावडरीची कसोटी २०२३ मध्ये लागली. वेष्टनावरचा मजकूर लोकांना समजावून सांगणाऱ्या रेवंत हिमतसिंग्का या तरुणाने एप्रिल महिन्यात बोर्नव्हिटातल्या साखरेविषयी एक चित्रफीत प्रसारित केली. ती लाखो लोकांनी पाहिली. कंपनीने कायदेशीर नोटीस पाठवली, तेव्हा त्याने ती मागे घेतली आणि माफीही मागितली. पण तोवर ती घरोघरी पोचली होती. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने कंपनीकडे खुलासा मागितला. कंपनीचे म्हणणे असे होते, की २० ग्रॅमच्या एका मापात ७.५ ग्रॅम, म्हणजे साधारण दीड चमचा साखर असते, आणि ती मुलांसाठी सांगितलेल्या रोजच्या मर्यादेच्या पुष्कळ आत आहे.

या प्रकरणातली खरी गंमत अशी, की कुणी काही गुपित फोडले नव्हते. १०० ग्रॅममागे ३७.४ ग्रॅम साखर हा आकडा डब्यावर छापलेलाच होता. वर्षानुवर्षे तो डबा रोज सकाळी हातात धरला जात होता, आणि त्याची पाठ कुणी वाचत नव्हते. चित्रफितीने केले ते एवढेच, की लोकांनी डबा फिरवला.

डबा फिरवल्याचा परिणामही दिसला. वर्ष संपायच्या आत साखर कमी केली गेली आणि आकडा ३२.२ ग्रॅमवर आला. पुढच्या वर्षी, एप्रिल २०२४ मध्ये, अन्नसुरक्षा प्राधिकरणाने आणि मग वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन दुकानांना सांगितले, की अशी पेये ‘हेल्थ ड्रिंक’ या सदराखाली विकू नका, कारण अन्नसुरक्षा कायद्यात अशा पेयाची व्याख्याच नाही. त्याच महिन्यात हिंदुस्तान युनिलिव्हरने हॉर्लिक्स आणि बूस्टच्या वर्गाचे नाव बदलून त्यातला ‘आरोग्य’ हा शब्द काढला. ज्या शब्दासाठी आयांनी महिन्याचे बजेट वाकवले, तो शब्द कायद्याच्या पुस्तकात कधी नव्हताच!

डब्याच्या पाठीवर काय वाचायचे

डबा टाकून द्यायचा की ठेवायचा हे ज्या त्या घराने ठरवावे. पण ठरवण्यापूर्वी पाच मिनिटे काढून तो उलटा करावा. अक्षर बारीक असते, चष्मा लावावा.

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते. जे सर्वांत जास्त, ते पहिले. साखर दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावर दिसली, की ती चवीपुरती नाही हे समजावे. शिवाय साखर एकाच नावाने येत नाही. लिक्विड ग्लुकोज, माल्टोडेक्स्ट्रिन, कॅरॅमल अशी तिची भावंडे आणि चुलत भावंडे यादीत विखुरलेली असतात. कोष्टकात ‘एकूण साखर’ आणि ‘वरून घातलेली साखर’ असे दोन आकडे दिसतील. धान्याला मोड आणताना तयार झालेली आणि दुधातली साखर पहिल्या आकड्यात धरली जाते, दुसऱ्यात नाही. आईने पाहायचा तो मुख्यतः दुसरा.

मग प्रथिने. इथे एक सोपा हिशेब आहे. डब्यावर १०० ग्रॅममागे १० ग्रॅम प्रथिने लिहिली असतील, तर २० ग्रॅमच्या मापातून मुलाला मिळतात २ ग्रॅम. ज्या दुधात ती भुकटी ढवळली जाते, त्या पेलाभर दुधात मात्र सहा-साडेसहा ग्रॅम असतात. म्हणजे पेल्यातली तीन चतुर्थांश पुण्याई दुधाची. काही डब्यांवर ‘दुधासह’ असा वेगळा रकाना असतो. त्यात दुधाची कमाईही डब्याच्या खात्यावर जमा होते. मूठभर शेंगदाणे किंवा एक अंडे यांतही सहा-सात ग्रॅम प्रथिने असतात, पण त्यांच्या पाठीवर कोष्टक नसते, म्हणून त्यांची जाहिरात होत नाही.

साखरेचा हिशेब घरानेच पूर्ण करायचा असतो. ३२.२ ग्रॅमच्या आकड्याने एका मापात साडेसहा ग्रॅमच्या आत साखर जाते. दिवसाला दोन पेले धरले तर तेरा ग्रॅम. पण कितीतरी घरांत “गोड नसलं तर पीत नाही” म्हणून आई वरून चमचाभर साखर घालते आणि मापाचा चमचा शिगोशीग भरते. दोन पेल्यांचे वरचे दोन चमचे धरले तर आकडा तेवीसच्या घरात जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याप्रमाणे अशी साखर दिवसभराच्या उष्मांकांच्या १० टक्क्यांच्या आत हवी, ५ टक्क्यांच्या आत असली तर उत्तम. रोज १५०० उष्मांक लागणाऱ्या मुलासाठी ही ५ टक्के मर्यादा एकोणीस ग्रॅमच्या आसपास येते. म्हणजे बिस्किटे, जॅम, सरबत, वाढदिवसाचा केक यांच्या आधीच दुधाच्या पेल्याने ती ओलांडलेली असते. दोन वर्षांखालच्या बाळाला तर वरून साखर देऊच नये, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात.

वजनही पाहावे. पार्ले-जीच्या लहान पुड्याचा भाव कितीतरी वर्षे जवळजवळ हलला नाही, पुडा मात्र हलका होत गेला, हे सगळ्यांनी अनुभवले आहे. डबे आणि पाकिटे यांचेही तेच. किमतीला ग्रॅमने भागून पाहिले, की कुठले पाकीट स्वस्त पडते ते कळते, आणि मोठे पाकीट नेहमीच स्वस्त असते असे नाही हेही कळते.

डब्याच्या बाजूनेही दोन गोष्टी आहेत. या भुकट्यांत लोह आणि जीवनसत्त्वे घातलेली असतात. आणि साधे दूध पाहिले की नाक मुरडणारे मूल भुकटी घातली की पेला संपवते, हा फायदा लहान नाही. ज्या घरात मूल बाकी सगळे नीट खाते, वरून साखर घातली जात नाही आणि माप मोजून दिले जाते, तिथे एका पेल्याने काही बिघडत नाही.

जिथे दूधच नाही

बिघडते ते दुसऱ्या घरात. आज देशात माणशी दूध ४७१ ग्रॅमवर गेले आहे, हा २०२३-२४ चा सरकारी आकडा. पण सरासरी म्हणजे प्रत्येकाचा पेला नव्हे. चार घरची धुणीभांडी करणारी बाई ज्या घरांत काम करते, तिथल्या ओट्यावर तो डबा पाहते. तिच्याही मुलाने शिकावे, उंच व्हावे असे तिला वाटते, आणि ते वाटणे कुणाहून कमी नसते. मोठा डबा परवडत नाही, म्हणून दुकानाच्या दारात लटकणाऱ्या माळेतली छोटी पाकिटे ती घेते. आणि दूध पुरत नाही, म्हणून ती भुकटी पाण्यात कालवली जाते.

त्या पेल्यात दुधाची साडेसहा ग्रॅम प्रथिने नसतात. उरते ती मोड आलेल्या धान्याची भुकटी, साखर, रंग आणि दोनेक ग्रॅम प्रथिने. आईने मात्र मुलाला ‘पौष्टिक’ दिले, आता वेगळ्या दुधाची गरज नाही, अशी तिची समजूत झालेली असते. तेवढ्याच पैशांत पाव लिटर दूध, दोन अंडी किंवा आठवड्याचे शेंगदाणे येऊ शकले असते. सुखवस्तू घरातली निष्ठा फार तर कमरेचा घेर वाढवते. या घरातली निष्ठा खऱ्या अन्नाची जागा खाते. ज्यांच्या घरी अशा बाई कामाला येतात त्यांनी हे एवढे तिला मोकळेपणाने सांगितले, तर बरेच काम होईल. डबा आपल्या ओट्यावर ठेवून सांगितले तर मात्र ती ऐकेल असे वाटत नाही.

नाचणीचा घरचा डबा

ज्यांना पर्याय हवा आहे, त्यांच्यासाठी कृती जुनीच आहे. एक किलो नाचणी निवडून, तीन-चार पाण्यांनी धुऊन रात्रभर भिजत घालावी. सकाळी निथळून ओल्या पंचात बांधून ठेवावी. उन्हाळ्यात एका दिवसात मोड येतात, थंडीत दोन दिवस लागतात, आणि पंचा मधून मधून ओला करावा लागतो. बारीक पांढरे मोड दिसले, की नाचणी पसरून खडखडीत वाळवावी. ओल राहिली तर बुरशी येते, म्हणून इथे घाई नको. मग मंद आचेवर खमंग भाजावी, हाताने चोळून मोड काढावेत, गिरणीतून बारीक दळून आणावी आणि पीठ वस्त्रगाळ करावे. मोड येताना धान्यातल्या पिठाची थोडी साखर होऊ लागते, त्यामुळे हे पीठ मुळातच किंचित गोड लागते आणि पेज फार घट्ट होत नाही. नाचणीत १०० ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, इतर धान्यांच्या कितीतरी पुढे.

हे पीठ कच्चे घ्यायचे नाही. दोन चमचे पीठ गार दुधात गुठळी न होता कालवून, ढवळत चार-पाच मिनिटे शिजवावे. सकाळी तेवढा वेळ नसतो हे खरे, आणि डब्याचे यश निम्मे इथेच आहे. त्यावर उपाय म्हणजे दोन-तीन जणांपुरते एकदम करून ठेवणे. वेलदोडा किंवा चिमूटभर जायफळ घालावे. चॉकलेटची चटक लागलेल्या मुलासाठी पाव चमचा साधी कोको पावडर चालते, रंगही जुळतो.

पहिल्या दिवशीच मूल पेला रिकामा करील अशी अपेक्षा ठेवू नये. पहिला आठवडा नेहमीच्या भुकटीचे माप पाऊण करून पाव भाग नाचणी घालावी, दुसऱ्या आठवड्यात निम्मे निम्मे, मग हळूहळू भुकटी कमी. वरची साखर मात्र पहिल्या दिवसापासून बंद. पीठ एका वेळी महिन्याभराचेच करावे आणि पावसाळ्यात पंधरा दिवसांचे. ठेवायला घट्ट झाकणाची, रुंद तोंडाची कोरडी बाटली लागते. ती घरात असतेच.